शेवटचा हात

सर, तुमची पांढरी गाडी मधेच बंद का पडते, ते आज सकाळी सापडलं. महिनाभर तिनं माझ्या जिवाला घोर लावला होता, तेव्हा सापडल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसलो. वाशिमच्या दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर आहे. आत काकू आहेत, यंत्राला जोडलेल्या, चार तास तरी. दुसरा कागद जवळ नाही, म्हणून कामाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितो आहे. आयटीआयमध्ये तुम्ही आखायला शिकवली तीच वही, तेच रकाने. तारीख, गाडी, तक्रार, आणि तक्रारीच्याही आधी तो तुमचा लाडका रकाना, शेवटचा हात. गाडीला आपल्याआधी हात कोणाचा लागला होता, ते लिहिल्याशिवाय तुम्ही आम्हाला पान्याला शिवू देत नव्हता.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मधल्या काळात इकडे काय झालं ते थोडक्यात सांगतो. तुमच्या माघारी काकूंच्या दोन्ही किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना जऊळक्याहून इथं आणावं लागतं. बसमध्ये बसल्या की दुसऱ्या थांब्याच्या आत उलटी, जीपचं तर नावच काढायचं नाही. राहिली तुमची गाडी. तुमची लेक, म्हणजे आमच्या ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्या शाळेत रजा टाकून गाडी चालवतात, काकू मागच्या सीटवर उशीला टेकून बसतात, आणि तीस वर्षांची ती म्हातारी गाडी दुसऱ्या एका म्हातारीला वेळेवर पोचवते. पोचवत होती, असं म्हणायला हवं. ताईंना लोकांनी किती वेळा सांगितलं की हे भंगार काढून टाका. त्यांनी गाडी ठेवली, कारण तिचं सगळं काम माझ्याकडे आहे, आणि माझं काम म्हणजे तुमचंच काम असं त्या घरात धरून चालतात. ऐकायला बरं वाटतं. छाती फुगते. फुगलेल्या छातीनं काय काय केलं तेच आता सांगायचं आहे.

महिन्यापूर्वी ताईंचा पहिला फोन आला. गाडी चालता चालता आचके देऊन बंद पडली होती, वाशिम थोडंच राहिलं असताना. दहा-पंधरा मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. मी म्हणालो, असू द्या, उन्हं तापायला लागली, ठिणगीची कॉइल तापत असेल. कॉइल बदलली. मी स्वतः गाडी घेऊन मालेगावच्या रस्त्याला दोन फेऱ्या मारल्या, गाडी मस्त. पुढच्या खेपेला पुन्हा बंद. मग ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला. पुन्हा फेऱ्या, पुन्हा मस्त, आणि काकू बसल्या की पुन्हा बंद. सर, पूर्ण बिघडलेली गाडी परवडते. अधूनमधून बिघडणारी गाडी मेकॅनिकची इज्जत घेते. तिच्यापाशी दहा मिनिटं थांबलं की काहीही केलेलं लागू पडतं. इंजिनाजवळच्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाका, सुरू होते. वायर हलवा, सुरू होते. नुसती एक शिवी हासडली तरी सुरू होते, आणि आपल्याला वाटतं की आपणच दुरुस्त केली. मी त्या ओल्या फडक्यावर इतका खूश झालो होतो की ताईंना पाण्याची बाटली आणि फडकं गाडीत ठेवायला सांगितलं.

नंतर फाटकाचा दिवस आला. वाशिमहून परतीला, जऊळक्याच्या रेल्वे फाटकात, बरोबर रुळांवर गाडी बंद पडली. पुढची चाकं पार, मागची दोन रुळांच्या मधे, आणि मागे काकू. नुकतंच यंत्रावरून उठलेलं माणूस उतरून पळू शकत नाही. फाटकवाला हिरवी झेंडी फेकून ओरडत आला, "ढकला नं बाप्पा, पाह्यत काय राह्यले!" चहाच्या टपरीवरचे चौघे धावले आणि गाडी पलीकडे गेली. रेल्वे यायला अजून अवकाश होता असं फाटकवाला नंतर म्हणाला, पण ताईंना ते कोण सांगणार. त्या तडक माझ्या गॅरेजात आल्या आणि किल्ली माझ्यासमोर आपटली. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्याच्यानं नसन होत तं तसं सांगा. लाज नोका वाटू देऊ. आई हाय माही त्याच्यात." मी पाने पुसत राहिलो. मग त्यांनी तुमचाच प्रश्न विचारला. अगदी तुमच्यासारखी भुवई वर करून. "गाडी आपोआप तं बिघडली नाई. हे सुरू व्हाच्या पयले तुमी काय केलं व्हतं?" आणि मी म्हणालो, काहीच नाही. साधी सर्व्हिसिंग. ऑइल, फिल्टर, बस.

काहीच नाही. हे दोन शब्द तुम्ही आम्हाला फळ्यावर लिहून दाखवले होते. आठवतं? पहिल्याच आठवड्यात. तेलानं काळा झालेला तो हॉल, मधे स्टँडवर उघडं इंजिन, भोवती आम्ही खेड्यापाड्यातून आलेले, पायात स्लिपर घालणारे. तुम्ही खडू आपटत फिरता आहात. "चालती गाडी कोनाचा तरी हात लागल्याबिगर नाई बिघडत. तो हात पयले शोधा, मंग पाना धरा." मी आगाऊपणानं विचारतो की सर, झीज होतेच की. तुम्ही माझ्याकडे बघून हसता. "झीज सांगून येते बे. हळूहळू येते. पन एकाएकी आलेलं दुखनं हातानं येते. आन गिऱ्हाईक म्हनन, काईच नाई केलं. जो काईच नाई म्हनन, त्याच्या हाताकडे पयले पाह्यजा." मग वहीत सगळं शाईनं लिहायची सक्ती. एकानं पेन्सिलीनं लिहिलं तर तुम्ही ते पान टरकावलं होतं. जे खोडता येतं ते लिहिलंच नाही असं समजा, म्हणालात.

आता दुसरी गोष्ट, जी मी कधी कोणाला सांगितली नाही. फिलर गेजची. पॉइंटमधली फट मोजायची ती चिमुकली पात्यांची जुडी, तुमच्या स्वतःच्या मालकीची, तुम्ही ती आयटीआयच्या कपाटात न ठेवता खिशात ठेवायचा. एका दुपारी तुम्ही ऑफिसात गेलात आणि ती टेबलावर राहिली. मी सगळ्यांत पातळ पातं, जे कधी लागतच नाही, पॉइंटमध्ये घुसवून बघत होतो. ते मुडपलं. सरळ करायला गेलो तर कट्कन तुटलं. जुडी मिटून होती तशी ठेवली. तुम्ही आलात, उघडलीत, आणि विचारलंत, "शेवटचा हात कोनाचा?" मी सगळ्यांच्या मागे सरकलो. इंजिनावर त्या दिवशी शेवटी ज्याची पाळी वहीत नोंदलेली होती, तो रिठदचा पोरगा, त्याला तुम्ही पंधरा दिवस इंजिनापासून लांब ठेवलंत. तो बिचारा पंधरा दिवस लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासत बसला. जेवायच्या सुट्टीत मी त्याला माझ्या डब्यातली भाकर द्यायचो. तो म्हणायचा, तूच एक माह्यासंग बोलून राह्यला. मी भाकर पुढे करत राहिलो.

आणि शेवटच्या दिवशी तुम्ही मला बाजूला बोलावलंत आणि तीच जुडी माझ्या हातात ठेवलीत. तुटक्या पात्यासकट. "ठेवजो जौळ," म्हणालात. "तुह्याच हातची हाय." एवढंच. मी तीस वर्षं त्या वाक्याचा कीस पाडतो आहे. माझ्या हाताला शोभते म्हणालात, की माझ्याच हातानं मोडलेली म्हणालात? चेहऱ्यावर काही नव्हतं. विचारायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, विचारलं नाही. तुमच्या घरी किती वेळा आलो, काकूंच्या हातचं जेवलो, तुमच्या गाडीचे पॉइंट त्याच जुडीनं तुमच्यासमोर लावले, आणि दर वेळी तुम्ही त्या तुटक्या पात्याकडे बघता आहात असं मला वाटायचं. चोराच्या मनात चांदणं.

तर आजचं सांगतो. मागच्या खेपेला गाडी निम्म्या वाटेत बंद पडली, ताईंनी घाबरून जीप थांबवली, जीपमध्ये काकूंना इतकी उलटी झाली की अर्ध्या रस्त्यातून घरी न्यावं लागलं. डायलिसिसची एक पाळी चुकली. आज सकाळी मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा काकूंचे पाय सुजून चप्पल घालता येत नव्हती, आणि बोलताना दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, आजची पाळी चुकवायची नाही, काही झालं तरी. मी म्हणालो, गाडी मी चालवतो. ताई पुढे बसल्या. "टाकी काल फुल करून घेतली," त्या म्हणाल्या, "फाटकापासून मी फुलच ठेवते. कमी पेट्रोलानं बंद पडत असन तं." मी हसलो. अडाण्यासारखं वाटलं मला ते.

जऊळका सुटलं. दोन्ही बाजूंना गहू सोंगायला आलेला. मी कानानं इंजिन ऐकतो आहे आणि आरशात काकू बघतो आहे. निम्मा रस्ता गेला, काही नाही. पुढे एका चढावर पहिला आचका बसला. मी गिअर खाली घेतला. दुसरा आचका. ताईंनी डॅशबोर्डला हात टेकला. मग ती नेहमीची रिकामी शांतता, नुसता चाकांचा आवाज, आणि गाडी कडुनिंबाखाली जाऊन थांबली. वाशिम आठ-नऊ किलोमीटर. ताईंनी गावातल्या जीपवाल्याला फोन लावला, त्यानं पाऊण तास सांगितला. काकूंनी डोळे मिटून घेतले होते आणि श्वास तोंडानं चालला होता.

बॉनेट उघडलं. ठिणगी बघितली, निळीशार. म्हणजे कॉइल नाही, पॉइंट नाही, महिनाभर ठिणगीसाठी जे जे बदललं त्यातलं काहीच नाही. कार्बोरेटरकडे येणारी नळी काढली आणि ताईंना स्टार्टर मारायला लावला. पेट्रोलचा एक थेंब नाही. टाकी गच्च भरलेली आणि नळी कोरडी. पंप परवाच नवा घातलेला. मी फडकं ओलं करून पंपावर टाकलं, कारण दुसरं सुचत नव्हतं, आणि ते टाकताना माझी मलाच कीव आली. खिडकीतून काकूंचा आवाज आला, एकेक शब्द मोजून. "सर... काय इचारत... पयले?"

"शेवटचा हात कोनाचा ते, काकू."

"मंग? कोनाचा... व्हता?"

"माहाच. पन मी काईच नाई..."

तिथंच थांबलो. बोलणं माझ्याच कानांवर आलं. फळ्यावरचे दोन शब्द. आणि पाठोपाठ आठवलं की सर्व्हिसिंगच्या दिवशी काकू गाडीत बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "पेट्रोलचा वास येते बाप्पा, मले मयमयते." टाकीच्या झाकणाचं जुनं रबर सुकून भेगाळलं होतं. मी समोरच पडलेली सायकलची ट्यूब कापली, गोल चकती केली, झाकणात दाबून बसवली. वास गेला. काकू म्हणाल्या, बरं झालं. वहीत नोंद नाही. एवढ्याशा गोष्टीची काय नोंद करायची? ते काम नव्हतंच, माया होती.

मी मागे गेलो आणि झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली, चांगली लांब, जणू कोणी पाण्याखालून वर येऊन श्वास घेतला. झाकण उलटं करून बघितलं. मधे टाचणीच्या टोकाएवढं हवेचं भोक असतं, त्यावर माझी चकती घट्ट चिकटलेली. पेट्रोल जितकं जाईल तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. दहा मिनिटं थांबलं की कडेनं झिरपून थोडी हवा शिरायची, म्हणून गाडी पुन्हा सुरू व्हायची. मी फेऱ्या मारायचो त्या रिकाम्या टाकीत अर्धा लीटर ओतून. रिकाम्या टाकीत हवाच हवा, ती कशाला अडते? आणि ताई जिवाच्या भीतीनं टाकी गच्च भरत होत्या, म्हणून हवेला जागा नव्हती आणि गाडी लवकर गुदमरत होती. जितकी काळजी जास्त तितकी बंद. हे तुम्ही मला गॅरेजात नव्हे, तुमच्या स्वयंपाकघरात शिकवलं होतं. काकूंनी तेलाचा नवा डबा काढला होता, तुम्ही त्याला एकच भोक पाडून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, वत. तेल बुडबुड करत अडखळलं, ओट्यावर सांडलं. काकू ओरडल्या, "आता हे पुसन कोन?" तुम्ही हसत दुसरं भोक पाडलंत, आणि धार सरळ लागली. काखेत कळसा म्हणतात तो हा.

चकती काढली, गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. ताई खिडकीतून डोकं काढून विचारत होत्या, "काय व्हतं भाऊ? काय सापडलं?" आणि मी चकती मुठीत धरून म्हणालो, "कचरा व्हता ताई. पेट्रोलातच कचरा." सहज म्हणालो. घासावा न लागता निघाला तो शब्द, तीस वर्षांच्या सरावाचा. चकती खिशात गेली. उरलेला रस्ता मी असा हाकला की विचारू नका, आणि काकूंना वेळेत आत घेतलं. नर्सनं सुई लावल्यावर थोड्या वेळानं त्यांच्या ओठांना रंग आला. तेवढ्यासाठी मी कोणाचेही पाय धरायला तयार होतो.

पण मग ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की त्या पेट्रोलपंपवाल्याला आता सोडत नाही, उद्याच त्याच्यासमोर उभी राहून सगळ्या गावादेखत विचारते, माझ्या आईचा जीव घेत होतास काय. तो पंपवाला साधा माणूस आहे, त्याचं पेट्रोल स्वच्छ आहे. म्हणजे पुन्हा तेच, सर. पुन्हा कोणीतरी ठोकळा घासत बसणार आणि मी त्याला भाकर देणार. मी त्यांना थांबवलं नाही. जरा वेळानं आत डोकावलो तर काकूंनी खुणेनं जवळ बोलावलं, माझा काळा हात आपल्या सुजऱ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "सरचाच हात हाय रे तुले." मला तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन बसलो, ते हे लिहीत बसलो.

तुम्हाला ते पातं कोणी तोडलं ते माहीत होतं की नाही, हे मी आता विचारत नाही. माहीत होतं असंच धरतो. धरायला मला सोपं जातं, कारण मग तुम्ही ते माहीत असूनही मला जवळ केलंत असं होतं, आणि आज मला ते हवं आहे. रिठदचा तो गडी आता कुठं आहे ते ठाऊक नाही. पंपवाला आहे, इथंच आहे, आणि उद्यापर्यंत वेळ आहे. गाडीत त्या दोघी बसल्या की सांगायचं, फाटकाच्या आधी, असं ठरवलं आहे. झाकणाला घरी गेल्यावर मधे भोक असलेलं नवीन रबर कापीन, वासाचं दुसरं काहीतरी बघू.

आत घंटी वाजली. काकूंना उठवतील आता. तुमच्या गाडीचं पान मी उघडून ठेवलं आहे. तारीख लिहिली, तक्रार लिहिली, काय केलं ते चकतीसकट सगळं लिहिलं, तुमच्या सक्तीप्रमाणे शाईनं. शेवटच्या हाताच्या रकान्यात महिनाभर काही नव्हतं, तिथंही लिहिलं आहे, माझा. तेवढा एक शब्द पेन्सिलीनं लिहिला आहे, सर.